पोरांच्या हातात तीन हजार देऊन बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र होतं, आजच्या तरुणांना मोबाईल सोडून कशाचं काही पडलेलं नाही, नागरिकाची कर्तव्यं त्यांना शाळेत शिकवलीच जात नाहीत वगैरे. वाचून आधी राग आला, मग म्हणलं लिहूयाच. मी झेडपीच्या शाळेत २४ वर्षं शिकवतेय आणि त्यातली १० वर्षं बीएलओचं, म्हणजे गावच्या मतदार यादीचं कामही गळ्यात आहे, म्हणजे सहावीत नागरिकशास्त्र पाठ करणारं पोरगंही माझ्यासमोर आणि तेच पोरगं १८ चं झालं की मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म ६ घेऊन उभं राहतं तेही माझ्याच दारात. तर त्या काकांना सांगायचंय की शिकवलं जातं हो, कर्तव्यं तर एवढी शिकवली जातात की पोरं झोपेत म्हणून दाखवतील. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले एवढंच काय ते राहिलंय. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० मार्कांचा पेपर, त्यातलं राज्यशास्त्र पोरं आदल्या रात्री वाचतात आणि पास होतात. शिकवण्यात कमी नाहीये. आपण त्यांना खरं असं काही कधी ठरवूच देत नाही, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, बाकी पत्र म्हणजे त्याचीच उदाहरणं समजा.

शालेय मंत्रिमंडळ तुम्हाला माहीत असेल, दरवर्षी जून-जुलैत फोटोही छापता तुम्ही. हल्ली मोबाईलवर मतदान यंत्रासारखं ॲप असतं, बटन दाबलं की पीं करून आवाज येतो, बोटाला मार्करची शाई, बाहेर रांग, आत मतदान अधिकारी म्हणून सातवीची पोरं एकदम कडक चेहरा करून बसलेली. चिन्हं असतात छत्री, पेन, चेंडू. आमच्याकडं एका उमेदवारानं लिमलेटच्या गोळ्या वाटल्या तर दुसऱ्यानं लगेच मला तक्रार केली, मग त्यानंही वाटल्या. झकास होतं सगळं. शपथविधी होतो, व्हॉट्सॲपला फोटो जातात, केंद्रप्रमुख साहेब अंगठा देतात आणि झालं, दुसऱ्या दिवसापासनं मंत्र्यांना काम काय तर काही नाही. स्वच्छता मंत्री झाडू वाटणार, तोही मॅडमनी सांगितल्यावर, आणि पाणीमंत्री म्हणजे टाकीचा नळ बंद करणारं पोरगं. मतदान शिकवलं आपण, पण निवडून आलेल्यानं करायचं काय ते नाही शिकवलं. मोठ्यांच्यात तरी काय वेगळं चाललंय म्हणा.

२०१४ ची गोष्ट सांगते. आमचा एक माजी विद्यार्थी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूला असतो, आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं तिकडंच. यात्रेला आला तेव्हा पोरांसाठी काहीतरी घ्या म्हणून ३००० रुपये देऊन गेला. मुख्याध्यापकांच्या मनात सुविचारांचे बोर्ड करायचं होतं. मी सहज बोलून गेले की सर यावर्षी मंत्रिमंडळाला ठरवू द्या की, त्यांचंच नाव पेपरला आलंय ना. सर हसले, म्हणाले ठरवू द्या, बॅट आणतील दुसरं काय.

आणि खरंच पहिल्या शनिवारी बॅटच ठरली. सकाळची शाळा सुटल्यावर वऱ्हांड्यात बैठक, पाचवी ते सातवीचे मिळून १५ जण, ९ विरुद्ध ६, लेदरचा बॉल, बॅट, स्टंप. संपलं. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी, एरवी हजेरी देताना पण ऐकू येणार नाही असला आवाज, ती उठून म्हणाली मुलींच्या संडासाला आतनं कडी नाही.

खरं सांगते संपादक साहेब, मला घाम फुटला. कारण ते मला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. मुली जोडीनं जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून. मी कितीदा तरी बघितलंय आणि त्या मैत्रिणी मैत्रिणी जातात असं मनाला सांगून पुढं गेलेय. मुख्याध्यापकांना सांगितलेलं, ते ग्रामपंचायतीला सांगितलंय म्हणाले, ग्रामपंचायत अनुदान आलं की बघू म्हणाली. कडीची किंमत ६५ रुपये.

पण इथं सिनेमात होतं तसं झालं नाही हं. मुलं हसली, एकदोघी मुलीच तिला गप बस म्हणल्या, आणि एक सातवीतला पोरगा म्हणाला की मतदान झालंय आता, एकदा ठरलं ते ठरलं, नाहीतर मत घेतलं कशाला. आता तो काही चुकीचं बोलत नव्हता! मी कोपऱ्यात खुर्चीत बसलेले, मध्ये बोलायचा एवढा मोह झाला, एका वाक्यात निकाल लावता आला असता मला. नाही बोलले. तो आठवडाभर त्या मुलीनं काय केलं तर मधल्या सुट्टीत एकेकीला गाठून बोलत राहिली, आणि मुलींनाच नाही, ज्याची बहीण चौथीत होती अशा दोन पोरांनाही. दुसऱ्या शनिवारी परत मत घ्यायचं का यावरच मत घ्यावं लागलं, आणि तिसऱ्या शनिवारी कुठं ठरलं की बॅट घ्यायची पण स्वस्तातली, बॉल टेनिसचा, आणि दोन कड्या, दोन बादल्या, दोन मग. कुणालाच पूर्ण पाहिजे ते मिळालं नाही. तो सातवीतला पोरगा कड्या बसेपर्यंत तोंड पाडून होता, आणि बसवायला स्क्रू ड्रायव्हर घरनं त्यानंच आणला.

खरी मजा पुढं. खरेदीला दोन पोरं सरांबरोबर तालुक्याला गेली, सोमवारी फळ्यावर हिशोब मांडला तर ४० रुपये कमी. कुठं गेले? वडापाव खाल्ला. आम्ही शाळेच्या कामाला गेलतो मग शाळेनंच द्यायला पाहिजे असं त्या दोघांचं म्हणणं, आणि बाकीचे म्हणाले आम्हाला विचारून खाल्लं का. बॅटीवरनं झालं नाही एवढं भांडण वडापाववरनं झालं. शेवटी एसटीचं तिकीट मंजूर, वडापाव खिशातनं. दोघांनी ४० रुपये आणून दिले, एकानं सगळी चिल्लर. बिलं वर्षभर ऑफिसच्या भिंतीला चिकटवलेली होती. जिल्हा परिषद आणि सार्वजनिक पैशाची जबाबदारी वगैरे मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं असेल, त्या दिवशी मला शिकवावंच लागलं नाही.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलले आणि पैसेही कुणी दिले नाहीत, त्यामुळं ते तिथंच थांबलं. आणि त्या बॅचची सगळी पोरं आदर्श नागरिक झाली असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यातला एक आज प्रत्येक वाढदिवसाला नेत्याच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात हात जोडून असतो. पण तोच गावच्या गणपती मंडळाचा खजिनदारही आहे आणि विसर्जनानंतर चौथ्या दिवशी वर्गणीचा हिशोब चौकातल्या फळ्यावर लावतो, नाष्टा वेगळ्या रकान्यात. माझ्यामुळं असेल असं नाही, त्याचे वडीलही हिशोबाला पक्के आहेत.

मंडळाचा विषय निघालाच आहे तर, लोक मंडळांना नावं ठेवतात, डीजेवरनं मी पण ठेवते, कान गेले आमचे. पण जरा नीट बघा, १७-१८ वर्षांच्या पोरांना खरं काम करायला मिळतंय असं गावात दुसरं ठिकाण कुठलं आहे? पावतीपुस्तक छापा, दारोदार फिरा, शिव्या खा, पोलीस स्टेशनला जाऊन परवानगी काढा, वायरमनकडनं तात्पुरतं कनेक्शन घ्या, दुसऱ्या मंडळाशी मिरवणुकीच्या रस्त्यावरनं वाद झाला की बसून मिटवा. हे सगळं नागरिकशास्त्रच आहे, फक्त ते परीक्षेला येत नाही. मुलींना मात्र तिथं आरतीच्या ताटापलीकडं जागा नाही, आणि पोरं अशी तयार झाली की त्यांचा उपयोग पहिला कुणाला कळतो तर गावातल्या दादांना. पेट्रोलला पैसे, ढाब्यावर जेवण, गाडीवर झेंडा. तुम्हाला कुणी काही कामच देत नसेल तर जो देईल त्याच्या मागं जाणार ना पोरं.

कॉलेजचं तर बोलायलाच नको. माझा थोरला भाऊ कराडला होता तेव्हा जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या निवडणुका व्हायच्या, घरी येऊन रंगवून सांगायचा, पॅनल, रात्रभर पोस्टर, एकदा झालेली मारामारी. मारामाऱ्या व्हायच्या हे खरंच आहे, १९८९ ला मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि पुढं १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या निवडणुका गेल्याच, वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी. गंमत बघा, १९८९ लाच देशानं मतदानाचं वय २१ वरनं १८ वर आणलं. म्हणजे १८ वर्षांचं पोरगं खासदार निवडू शकतं पण कॉलेजचा सेक्रेटरी निवडायला नालायक! २०१६ च्या नवीन विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या, कागदावर, २०१९ ला आता घेतोच म्हणून जाहीर पण झालं, मग पुढं ढकललं, मग कोविड. माझ्या मुलाची तीन वर्षं झाली कॉलेजची, एकदाही कशालाही मत दिलं नाही त्यानं. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेत) होता, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, भरले, सात दिवसांच्या शिबिरात एका गावची गटारं काढून आला आणि त्याचं म्हणणं की आम्ही तिथनं निघालो त्या संध्याकाळीच गटार तुंबलेलं होतं परत. मी म्हणलं मग ग्रामपंचायतीला विचारलंत का कचरा कुठं टाकता तुम्ही? तर ते आमच्या कार्यक्रमात नव्हतं म्हणे.

निवडणुका घेतल्या तर राडे होतील असं म्हणणारे प्राध्यापक माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. पण त्याला कॉलेजच्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचे नियम आहेत की २००६ पासनं, खर्च ५००० च्या आत, ७५ टक्के हजेरी, पक्षांचा पैसा नको. ते पाळायला लावा. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण लायसन देणं बंद केलं नाही.

आणि हे आपण सातारा जिल्ह्यात बसून बोलतोय, याचं मला जास्त वाटतं. १९४३ ला इथं इंग्रजांना न जुमानता लोकांचं स्वतःचं प्रतिसरकार उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव घेतो आपण आणि ते चाळिशीतले होते, पण खाली काम करणारी माणसं कोण होती? जी. डी. बापू लाड १९२२ चा जन्म, प्रतिसरकारची तुफान सेना सांभाळत होते तेव्हा विशीतलेच की. शेणोलीला रेल्वे लुटली ते सगळे सांगतात, पोरांनाही तेच आवडतं. पण त्यांनी गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, बांधाचे आणि सावकारीचे तंटे सोडवले, कर्ज काढून लग्नं नकोत म्हणून गांधी विवाह लावले, हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचा हमखास विचारतो, मॅडम त्यांना कुणी परवानगी दिली? काय उत्तर द्यायचं.

आता ग्रामसभा. १८ पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य, कुणी निवडून द्यावं लागत नाही, फॉर्म नाही, फी नाही. हे मी फॉर्म ६ भरून घेताना प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण असा बघतो की जसं काही मी एलआयसीची पॉलिसी विकतेय. त्यांना कार्ड पाहिजे असतं. मॅडम कार्ड कधी येणार, पुण्यात रूम बघायचीय, मालक प्रूफ मागतोय. यात पोरांचा काय दोष, त्यांना आजवर ग्रामसभेत काय दिसलंय? २६ जानेवारी, झेंडा झाला की कोरम, म्हणजे लागतात तेवढी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं आठवड्यानं पंधरावीस जणांत विषय मंजूर, सही करायला वही घरी. ज्या पोरांचा १८ वा वाढदिवस २०२२ ला झाला त्यांनी झेडपी, पंचायत समितीचं मतदान पुढं तीन वर्षांच्या वर बघितलंच नाही, नुसता प्रशासक होता. तरुण उदासीन आहेत म्हणायचं आणि त्यांच्या वाट्याची दारं एकेक करून बंद ठेवायची हा कुठला न्याय.

दार उघडं ठेवलं की काय होतं त्याचीही उदाहरणं आहेत. गडचिरोलीत मेंढा लेखाला 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारी माणसं अभ्यासगट करून बसतात, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय करत नाहीत, २००९ ला त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आपल्याला तेवढं जमणार नाही, एकमताला आमच्या गावात चार पिढ्या जातील. पण शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायचे असतात एवढं तरी जमेल का? मताचा अधिकार नाही त्यांना, नुसतं बसायचं आणि बोलायचं. बहुतेक शाळांत ती नावं फक्त फलकावर रंगवलेली असतात आणि त्या पोरांना स्वतःलाच माहीत नसतं. आम्ही दोन वर्षं झाली खरोखर बसवतो. पहिल्याच बैठकीत पाचवीच्या मुलीनं विचारलं की खिचडीतलं तेल रजिस्टरला जास्त आणि पातेल्यात कमी असं का. अध्यक्षांना ठसका लागला. तेलाचं पुढं काय झालं ते पत्रात लिहीत नाही, पण पातेल्यात फरक पडला.

त्या कडीवाल्या मुलीचं राहिलं. तिचं लग्न झालं, दुसऱ्या तालुक्यात दिली. माझ्याकडच्या मतदार यादीच्या भागात ११०० च्या आसपास मतदार आहेत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं हा आम्हा बीएलओंचा कायमचा ताप, माहेरी नाव तसंच, सासरी नाव नाही, विचारलं तर बघू मालक करतील म्हणतात. तिचा लग्नानंतर महिन्याभरात फोन. मॅडम फॉर्म ८ ना पत्ता बदलायला? मी ऑनलाईन भरलाय, फक्त तिथले बीएलओ घरी आलेच नाहीत, त्यांना नियम काय लागतो सांगा मला. मी सांगितला. त्या बीएलओची मला दया आली थोडी.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला सहावी सातवीची पोरं मागं सतरंजीवर बसवायची, बघायला म्हणून, असं आम्ही ठरवलंय. तुमच्या वार्ताहरानं यावं ही विनंती, झेंड्याचा फोटो काढून जाऊ नये, नंतर थांबावं. सरपंचांना परवा सांगायला गेले तर चांगले बोलले, चहा पाजला, म्हणाले आणा की मॅडम, शोभा येईल सभेला, फक्त त्यांना प्रश्न विचारायला सांगू नका. मी म्हणलं मी नाही सांगणार. आणि मी सांगणार नाहीच आहे, त्यांच्यातली पाणीमंत्री टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख कधीपासनं शोधत फिरतेय.

पत्र फार लांबलं, जागेअभावी कापलंत तरी चालेल, प्रतिसरकारचं काढा वाटल्यास. पण कडीचं तेवढं ठेवा.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. खटाव, जि. सातारा
(नोकरीत आहे, नाव छापू नये.)